रुसणारी लायब्ररी

समस्त नाशिककरांना गांभीर्याने कळवण्यात येते की, समोरची मिसळ गार होऊ देणारी बाई मी प्रत्यक्ष पाहिली आहे. चमचा दातांत धरून ती लॅपटॉप बडवत होती. मी विचारलंच.

“काका, सी या संगणकभाषेतली जुनी लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रामांचा गठ्ठा, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आणतेय. जरा काही चुकलं की रुसलेल्या विहिणीसारखी मांडव गुंडाळून निघते. अख्खं अ‍ॅप बंद! तिला शिकवतेय, काय खुपतंय ते सांग, पुढचं आम्ही बघू. आज जमलं नाही, तर आमचं अ‍ॅप वापरणारे निफाडचे द्राक्षबागायतदार ते फोनवरून काढून टाकणार.”

मग तिने मुद्दाम बिघडवलेली फाइल फोनवर उघडली. लाल अक्षरांत तक्रार उमटली आणि अ‍ॅप चालूच राहिलं. बाई उभी राहून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशी ओरडली, “चुकलं, काका! चुकलं एकदाचं!”