बोटीवर न चढलेली करवंदाची बाटली

आमच्या वाडीत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुठंही सांगते, समोरच्याला कंटाळा आला तरी. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला शेळ्या-गुरं राखणाऱ्या घरातून निघून, भोरला मावशीकडं राहून मी बीएस्सी झाले. आणि मग नोकरी धरली ती वाईनच्या कारखान्यात.

कापूरहोळजवळ छोटासा कारखाना आहे. फळांची वाईन करतात. फळ आंबायला घातलं की त्यातली साखर, आंबटपणा तपासायचं काम माझं. आबांना, माझ्या वडिलांना, हे पचलं नाही. रागावले नाहीत ते, पण कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी सरबताच्या कारखान्यात हाय."

एकदा मी तिथंच उभी होते. म्हटलं, "आबा, सरबत न्हाई, वाईन."

"तेच की. पातळच असतंय न्हवं?"

आई पदरात हसली. मला हसू आलं नाही.

यंदा मी मालकांच्या मागं लागले, आमच्या डोंगरातली करवंदं घेऊन बघा म्हणून. वैशाखात आई-आबांनी शेळ्यांमागं फिरता फिरता करवंदं तोडली, चिकानं बोटं काळी करून घेतली. जाता-येता लोक टोमणे मारत, "लेकीच्या दारूला फळं व्हय?" आबा मान खाली घालून तोडत राहिले. वाईन झकास उतरली. पहिल्या बाटल्या भरल्या तशी त्यातली एक मी घरी नेली. आबांनी ती फिरवून बघितली, लेबलावरच्या डोंगराच्या चित्रावर अंगठा फिरवला, आणि पत्र्याच्या पेटीमागं ठेवून दिली. पाव्हण्यांना दिसू नये अशी.

ते मला लागलं.

दिवाळीनंतर दोघांना मोठ्या बोटीवर न्यायचं मी ठरवलं. मुंबईहून निघून समुद्रात फिरवून परत आणणारी बोट. आई म्हणाली, "भाटघर धरणाच्या पाण्यात होडीत बसले की मला गरगरतं, आन् तू समिंद्रात नेतीस." पण शेजारणींना सांगून मोकळी झाली होती. बोटीचे नियम मी मोबाईलवर वाचून काढले. चढताना एक वाईनची बाटली सोबत नेता येते, सीलबंद, हातातल्या पिशवीत. जेवणाच्या टेबलावरसुद्धा घेता येते. मी पेटीमागची बाटली काढून आईच्या पिशवीत घातली. पिण्याचं काही नव्हतं, आबा कधी थेंबालाही शिवलेले नाहीत. माझा हट्ट एवढाच, की जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं तरी आबांनी ती चारचौघांत टेबलावर ठेवू द्यावी आणि "माझ्या लेकीनं केलीय" म्हणावं.

चुलतभावानं त्याच्या गाडीतून आम्हाला बंदरावर सोडलं. आम्ही आत जाईपर्यंत तो बाहेर थांबला. रांग मोठी, माणसं झकपक. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीनं बाटली हातात घेतली, झाकण बघितलं आणि आबांना म्हणाली, "काका, ही उघडलेली आहे. सील तुटलंय. अशी नेता येणार नाही."

मी म्हटलं, "शक्यच नाही. मी स्वतः भरलीय."

आबा खाकरले. "म्या उघडली."

मी आणि आई त्यांच्याकडं बघतच राहिलो. एवढ्या वर्षांत ज्यांनी सुपारी सोडून कशाला तोंड लावलं नाही ते आबा.

"तुम्ही प्यालात?"

"खुळी का काय. सकाळी पिशवीतनं काढून देवीच्या देवळात घेऊन गेलतो. पयल्या धारंचं दूध आपण आधी देवीला घालतो का न्हाई? पयला भात? मग ही आपल्या डोंगराची पयली. तिला दावल्याबिगर गावाबाहीर कशी न्यायची? पळीभर वाहिली आन् झाकण परत घट्ट लावलं."

आमच्याकडं जे आपलं असतं तेच देवीला जातं. विकत आणलेलं कुणी वाहत नाही, लपवायचं तर नाहीच.

मुलगी गोंधळली. "म्हणजे घरी केलीय का ही?"

"घरी न्हाई, कारखान्यात," आबा म्हणाले. आवाज डोंगरात शेळ्यांना हाक मारायचा, तो काही त्यांना कमी करता येत नाही. "वाईन हाय. करवंदाची. हिनं केलीया, माझ्या लेकीनं. आमच्या वाडीतली पयली ग्रॅज्युएट हाय ती."

मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एका बाईंनी तर पुढं होऊन लेबल वाचलं.

नियम तो नियम. मुलगी हळहळली, पण बाटली काही आत सोडली नाही. मी ती बाहेर जाऊन चुलतभावाच्या हातात दिली. तो म्हणाला, "उघडलेलीच हाय तर वाटेत संपवू का?" आबा माझ्या मागोमाग आलेच होते. "हात तर लावून बघ! घरी कोनाड्यात ठेव, देवीच्या फोटोखाली. पाव्हणं आलं की दावायची हाय."

पेटीमागं नाही. कोनाड्यात. मी नीट ऐकलं.

संध्याकाळी बोटीवर जेवायला बसलो. खिडकीतून पाणीच पाणी, आणि आईला गरगरत नव्हतं. वाढणाऱ्या पोरानं आबांपुढं वाईनच्या नावांचं जाडजूड कार्ड ठेवलं. आबांनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "करवंदाची हाय का?"

तो हसून म्हणाला, "नाही काका. ती कुठली?"

"आमच्याकडली," आबा म्हणाले, आणि कार्ड मिटून माझ्याकडं सरकवलं. "ह्यांना पत्ता दे तुझ्या कारखान्याचा."