जावेचं झाड

वणव्यानंतर मी पहिल्यांदा पाहुणे घेऊन पहाडीवर निघाले, त्या सकाळी माझी थोरली जाऊ फाटकाशी येऊन उभी राहिली.

"वर चाल्लीच हायस तं माझा मोठा मोह पाहून ये. जिता हाय का मेला, एवढंच सांग. बाकी कहाणी नको."

"सांगते की. त्यात काय?" मी म्हटलं.

मला खरोखरच त्यात काही वाटलं नव्हतं. कुरखेड्याच्या बाजूला आमचं गाव आहे. पाहुण्यांना पायी पहाडी दाखवायचं काम मी आणि शेजारचे एक भाऊ करतो. मी पुढे, भाऊ मागे. कोण थकलं, कोण मागे राहिलं, ते भाऊ बघतात. बोलायचं काम माझं. वाटेवरचं झाड न् झाड मला पाठ होतं. एक झाड जिवंत आहे की मेलं हे बघायला काय लागतं?

पहाडी सरकारची असली तरी तिच्यावरचे मोह घराघरांचे आहेत. कोणत्या झाडाखाली कोणाच्या घरच्यांनी फुलं वेचायची, हे पिढ्यांपासून ठरलेलं. सख्खे भाऊ वेगळे झाले की भांड्यांसारखी झाडंही वाटली जातात. आमच्या वाटणीत शेताच्या बांधावरचे मोह मला आले आणि पहाडीवरचा मोठा तिला. ती विधवा आहे, शेती जेमतेम. त्या एका झाडाच्या फुलांवर तिचं तेलमीठ आणि कपडालत्ता निघतो. आता गावसभेने ठरवलं होतं की ज्याचं झाड जळून मेलं, त्याला गाव सोडून गडचांदूरला कामाला गेलेल्यांच्या झाडांतलं एक द्यायचं. पण झाड जिवंत असून कोणी दुसरं मागितलं, तर तो खोटारडा. जावेचे गुडघे गेलेत, म्हणून तिने मला विचारलं. मागायचं की नाही, हे तिला पुढच्या सभेच्या आत कळायला हवं होतं.

पाहुणे चंद्रपूरचे होते, चौघं. त्यांतले टोपीवाले गृहस्थ सगळ्यात उत्साही. पहाडीच्या पायथ्याशीच त्यांनी विचारलं, "जळालेलं कुठंय पण? आम्हाला वाटलं सगळं काळंकुट्ट असेल. हे तर हिरवंगार आहे."

"मग बरंच झालं की," त्यांची बायको म्हणाली. "तुम्हाला काळं बघायला आणलं होतं का?"

हिरवं होतं हे खरं. पण हे आमचं हिरवं नव्हतं. जिथे वाळक्या पाल्याशिवाय काही नसायचं, तिथे खांद्याएवढी रानतुळस माजलेली. जळालेल्या सागाच्या बुडातून नवे फुटवे निघालेले, त्यांची पानं सुपाएवढी. हे चांगलं की वाईट? वणव्यानंतरच्या एका प्रशिक्षणात वनखात्याचे साहेब म्हणाले होते, जंगल परत येतं आहे. दुसऱ्या प्रशिक्षणात दुसरे साहेब म्हणाले, येतं आहे ते जंगल नव्हे. मी दोघांनाही मान डोलावली होती.

माझं सगळं बोलणं झाडांना बांधलेलं होतं. पहिल्या वळणावर ऐनाचं एक म्हातारं झाड होतं. त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवर हात ठेवून मी म्हणायची, ही मगर उभी कशी राहिली बघा, आणि पाहुणे हसायचे. आज ऐन नव्हताच. त्याच्या जागी राखेचा खड्डा, तोही गवताने झाकलेला. माझा पाय आत गेला तेव्हा कळलं. मगरीचं वाक्य तोंडात आलं होतं, ते गिळलं.

ऐन नाही म्हणजे वळण नाही. मी उजवीकडे निघाले.

"बाई, डावीकडं," मागून भाऊ म्हणाले.

"उजवीकडंच. डावीकडं नाला हाय."

"नाला तं उजवीकडं हाय. मी इथी जलमलो, तुमी लग्न होऊन आल्या."

"मग जलमभर माझ्या मागं काऊन चालता? या पुढं."

भाऊ पुढे आले नाहीत. पाहुण्यांना वाटलं, हा दाखवण्याचाच भाग आहे. टोपीवाल्यांनी तर टाळी वाजवली. मी उजवीकडे गेले, आणि थोड्या वेळाने आम्ही सगळे एका मोहाखाली उभे होतो. झाड मोठं, एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूच्या एकाच फांदीला पानं. बुडाशी बसायला सपाट दगड. जाऊ वेचताना अशाच दगडावर बसायची.

"हाच," मी म्हटलं.

"हा नाई," भाऊ म्हणाले. "तो तिकडं." त्यांनी बोट दाखवलं त्या मोहाचं नुसतं खोड उरलं होतं, वर काही नाही. त्याच्याही बुडाशी दगड होता.

आता माझ्या लक्षात आलं की मी त्या झाडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. जावेबरोबर आले तेव्हा तिच्या पाठीमागे चालत आले, खाली बघून फुलं वेचली आणि तिच्यामागेच परत गेले. मोहाखाली कोणी वर बघत नाही.

टोपीवाल्यांना मजा वाटू लागली होती. "नखाने साल खरवडा," ते म्हणाले. "आत हिरवं असेल तर जिवंत."

खरवडली. अर्ध्या जळालेल्याला एका जागी हिरवं निघालं, वीतभर बाजूला तपकिरी. त्यांची बायको म्हणाली, "आता?" ते म्हणाले, "आता अजून एका जागी." तिथे ना हिरवं ना तपकिरी, भिजक्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. त्यांनी झाडाचा फोटो काढून घेतला आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

घरी आले तेव्हा जाऊ माझ्याच ओट्यावर बसली होती.

"जिता का मेला?"

"बाई, दोन झाडं हायेत. एक मेलं, एक अर्धं. तुमचं कोणतं ते समजून नाई राह्यलं."

"लोकाइले जंगल दाखवते म्हणे! मराले टेकलेल्या माणसाचं बी सांगता येते, जिता हाय का मेला. झाडाचं काऊन नाई येत?"

दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन स्वतःच निघाली. मी सोबत गेले. गुडघे धरत, बसत-उठत आम्ही वर पोचलो. मी तिला अर्ध्या जळालेल्या झाडाखाली नेलं. तिने काठीने दगड ठोकला, बुंध्याला हात लावला, काळा झालेला तळवा पदराला पुसला. मग नाला उतरून पलीकडे गेली आणि तिसऱ्याच एका मोहाखाली बसली. ते झाड चांगलं हिरवं होतं, आग त्याला शिवलीही नव्हती.

"हा माझा."

"नाल्याच्या अलीकडं होता ना पण, बाई?"

"तुले का माहीत? तू तं खाली पाहूनच वेचत होती."

हे खरंच होतं. पण तिसरं झाड गडचांदूरला गेलेल्या घराचं असावं, असं मला अंधुक वाटत होतं. ती चुकत होती, की खोटं बोलत होती, की बरोबर होती? तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. मला असलं धूसर आवडत नाही. हिशेब असो, भांडण असो, मी त्याच दिवशी मिटवते. त्या रात्री भाकरी थापताना माझ्या दोन करपल्या.

सभेत तिने झाड मागितलं नाही. म्हणाली, "माझा जिता हाय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकजण म्हणाला, "गाइडबाई सांगतील. खरं हाय का?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मी म्हटलं, "मले नाई समजत."

मग भाऊंनी घसा खाकरला. "मलेबी माझा नाई सापडला." कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, आमचाबी नाई. मग दुसरी. सगळे गुपचूप वर जाऊन, शोधून, गुपचूप खाली आले होते आणि सभेत तोंड शिवून बसले होते.

म्हणून माझी पुढची फेरी पाहुण्यांची नव्हती, गावाची होती. मी पुढे, भाऊ मागे, मध्ये सगळ्या बाया, प्रत्येकीच्या हातात जुन्या लुगड्याची पट्टी. आपापलं झाड ओळखून पट्टी बांधायची, असं ठरलं. प्रत्येक झाडाखाली हमरीतुमरी झाली. "तुह्या झाडाची फांदी इकडं होती!" "फांदी जळली तं इकडं-तिकडं कशी पाहते व तू?" कोणी हसत होतं, कोणी रडकुंडीला आलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या हिरव्या झाडांना पट्ट्या लागल्या, काहींना दोन-दोन. काळ्या झाडांना एकही नाही. ती जणू कोणाचीच कधी नव्हती. जळालेलं झाड आपलं म्हटलं असतं तर बदली हिरवं मिळणार होतं, तरी कोणी म्हणेना की हे मेलेलं माझं. ह्याचा अर्थ मला लागला नाही, अजूनही लागत नाही. दोन पट्ट्या होत्या तिथे वाटून वेचायचं ठरलं. जावेने नाल्यापलीकडच्या झाडाला गाठ मारली. तिथे दुसरी पट्टी आली नाही. गडचांदूरहून भांडायला कोण येणार?

तेव्हा ते झाड तिचं झालं. पुढच्या उन्हाळ्यात तिने त्याच्याखाली टोपल्या भरून फुलं वेचली. पाहुणे पट्टीबद्दल विचारतात तेव्हा मी सांगते, हा माझ्या जावेचा मोह. न अडखळता सांगते.

पण मी फेरीहून परतले की ती फाटकाशी येते. "नाल्याच्या अलीकडचा तो अर्धा काळा... त्याले नवं पान फुटलं का?"

एकदा मी विचारलं, "तो तं तुमचा नाई ना बाई, मग काऊन विचारता?"

"सांगाचं असन तं सांग. नाई तं राहू दे."

मग मी सांगते. काळ्या बाजूच्या अलीकडच्या फांदीला फुटलीत, बाई. पलीकडची अजून तशीच आहे. ती हं म्हणते आणि घरी जाते.