तीन काडतुसांतलं मधलं

माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये जनावरांची डॉक्टर आहे. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला मेंढ्या पाळणारे व्याही मिळाले. दक्षिण बेटावर डोंगराच्या पायथ्याला त्यांची कुरणं आहेत. ते एकटेच राहतात. आमच्या विहीणबाई लग्नाच्या आधीच वारल्या होत्या. मी सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत जोखीम मोजायचं काम करतो. रविवारी सकाळी मुलगी-जावई त्यांच्याकडे जेवायला जात, तेव्हा व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे पाऊस झाला का, इकडे उकडतंय का, एवढं विचारून झालं की आम्ही दोघंही फोन मुलांच्या हातात देऊन मोकळे व्हायचो.

एका जानेवारीत त्यांनी स्वतःहून विषय काढला. रानातली हरणं फार वाढली होती आणि मेंढ्यांचं गवत खात होती. दर एप्रिलला ते चार-पाच मारत, वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये भरत. तुम्ही दोघं या, एक हरीण तुम्ही मारा, असं ते म्हणाले. परवानाधारक शेजारी उभा असला की पाहुण्याला गोळी झाडता येते. त्यांच्याकडे तीन रायफली होत्या आणि तिन्हींची काडतुसं वेगळी. कुठली हवी ते सांगा, म्हणाले.

मी आयुष्यात पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्याही कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात. तरी हो म्हणालो. त्यांनी देऊ केलेली ती पहिलीच गोष्ट होती आणि ती नाकारली असती तर पुन्हा पाऊस आणि उकाडाच उरला असता.

मग तीन आठवडे मी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसलो. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. तिन्ही पुंगळ्या एकाच घराण्यातल्या होत्या, फक्त तोंडं कमी-जास्त रुंद. सगळ्यात लहान टू-फोर्टी-थ्री, तिची गोळी शंभर ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅम. सगळ्यात मोठी थ्री-झिरो-एट, गोळी दीडशे ग्रेनची. मधली सेव्हन-एमएम-झिरो-एट, एकशे चाळीसची. मी तक्ता केला. वेग, शंभर मीटरवर उरणारा जोर, खांद्याला बसणारा झटका. आमच्या कामात शंका असेल तिथे राखीव जास्त ठेवतात, म्हणून मी थ्री-झिरो-एटकडे झुकलो. हरणाला ते जरा जास्तच होईल, पण कमी तर पडणार नाही.

मी मटण खातो, बायको खात नाही. एका शनिवारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी फिरून आल्यावर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कॉफी घेत बसलो होतो. मी तिला तक्ता समजावून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते लगेच मरतं का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, अवलंबून आहे.

"कशावर?"

माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न व्याह्यांना विचारला. त्यांनी सांगितलं की पूर्वी त्यांच्या शेजाऱ्याकडे एक पाहुणा आला होता, हत्तीला पुरेल एवढं काडतूस घेऊन. झटक्याच्या धास्तीने त्याने घोडा ओढताना डोळे मिटले आणि गोळी हरणाच्या पोटात गेली. दोन घळी ओलांडून अंधार पडेपर्यंत सगळे त्याच्यामागे हिंडले. हरीण सकाळी सापडलं, तेव्हा जिवंत होतं. त्या पाहुण्याला शेजाऱ्याने पुन्हा बोलावलं नाही. गोळी खांद्यामागे, काळीज-फुप्फुसांत गेली तर तिन्ही काडतुसं पुरतात, ते म्हणाले. लहान गोळीला फक्त तिरक्या कोनातून, हाडावरून जाताना जोर थोडा कमी उरतो. मोठ्यात ती अडचण नसते, तिथे माणसाची असते.

"आता ठरवू नका," ते म्हणाले. "इथे या, तिन्ही झाडून बघा."

तो कॉल चाळीस मिनिटं चालला. मुलीने मधे दोनदा डोकावून पाहिलं.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. घरामागे मातीचा उंच बांध होता, त्याच्यासमोर शंभर मीटरवर त्यांनी कागद लावला. मी थ्री-झिरो-एट घेतली. पहिली गोळी बरी लागली, दुसरी डावीकडे गेली, तिसरी कागदाबाहेर. चौथ्या वेळी त्यांनी रायफल स्वतः भरायला घेतली आणि माझ्या हातात दिली. मी नेम धरून घोडा ओढला. नुसताच खट आवाज झाला, कारण त्यांनी काडतूस घातलंच नव्हतं. झटका बसला नाही, तरी नळी बोटभर खाली गेली होती. मी आधीच दचकत होतो. बायको मागे खुर्चीवर बसली होती, तिलाही ते दिसलं. व्याह्यांनी रायफल परत घेतली आणि पुढची दिली.

टू-फोर्टी-थ्रीच्या तिन्ही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मधलीच्याही बसल्या. तिचा दस्ता थोडा आखूड होता आणि माझ्या खांद्याला बरोबर लागत होता. मी पुन्हा रिकाम्या नळीची परीक्षा द्यायची तयारी दाखवली. भरलेली की रिकामी ते न सांगता त्यांनी ती दोन्ही रायफलींवर घेतली आणि या वेळी नळी हलली नाही. ज्यांना मी दचकत नव्हतो त्यांतली जड गोळी निवडायची, असं ठरवलं. म्हणजे मधली. त्यांनी मान हलवली आणि काडतुसांचा डबा खिशात टाकला.

पहिल्या दिवशी पाच माद्या दिसल्या. सगळ्यात जवळची आमच्याकडे तोंड करून उभी होती. थांबा म्हणून व्याह्यांनी माझ्या बाहीवर हात ठेवला. दहा मिनिटांनी ती आडवी वळली, पण तिच्या बरोबर मागे, गोळीच्या वाटेत, दुसरी येऊन थांबली. हात तसाच राहिला. मग सगळ्याच निघून गेल्या. आम्ही घरी येऊन ब्रेड खाल्ला.

दुसऱ्या दिवशी एकच होती, एकशे वीस मीटरवर, पूर्ण आडवी. मी खांद्यामागे नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि घोडा ओढला. ती उडाली, तीस-चाळीस पावलं पळाली आणि नेच्यांत पडली. आम्ही जाऊन पोचलो तेव्हा व्याह्यांनी काठीने तिच्या डोळ्याला स्पर्श केला. ती हलली नाही. गोळी एका बाजूने शिरून दुसरीकडून गेली होती. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, आणि वाईट वाटलं असंही नाही. नंतर तासभर तिचं पोट फाडून आतडी काढायचं काम होतं, त्यात बाकी काही सुचलं नाही. ते सांगत होते तिथे मी धरत होतो.

उतरताना एका दगडावर टेकलो, तेव्हा ते म्हणाले की ही रायफल त्यांच्या बायकोची. तीही आधी थ्री-झिरो-एट वापरायची आणि दचकायची. मग तिने ही निवडली आणि त्यांनी तिच्यासाठी दस्ता कापून आखूड केला. ती गेल्यापासून ही कोणी चालवली नव्हती.

मी म्हणालो, हे आधी सांगायला हवं होतंत.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही हिला हात लावला नसता," ते म्हणाले. "किंवा मला बरं वाटावं म्हणून हीच घेतली असती."

रात्रीच्या जेवणाला मुलीने त्याच मटणाचा रस्सा केला, तिच्या आजीच्या गोड्या मसाल्याचा. मी दोनदा वाढून घेतला. बायकोने वरण-भात खाल्ला. जेवण झाल्यावर व्याह्यांनी रिकामी पुंगळी आठवण म्हणून माझ्यापुढे ठेवली. सिंगापूरला परवान्याशिवाय रिकामीसुद्धा नेता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. जावयाने फोनवर शोधून दाखवलं, तेव्हा त्यांनी ती उचलून खिडकीत ठेवली.

मग बायकोने त्यांना विचारलं, विहीणबाई हरणाचं मटण कसं करायच्या? मटणाला हातही न लावणाऱ्या बाईने हे विचारावं याचं मला नवल वाटलं. व्याही उठले आणि आतून एक वही घेऊन आले. दोघं टेबलाशी बसून तिची पानं उलटू लागले, मी भांडी विसळायला घेतली.