एनिडच्या फळीखालची उशी

माझ्या धाकट्या बहिणीचा, एनिडचा नवरा म्हणजे नॉरिस टेबट. बुटांच्या कारखान्यात त्याने जन्मभर चामडं कापलं. कारखाना बंद पडला तसा तो गावामागच्या तळ्यावर गळ टाकून बसायला लागला. पूर्वी तिथून विटांची माती काढत, आता तिथे कार्प मासे आहेत. आमच्याकडचे पुरुष मासा धरतात, वजन करतात, फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. पैसे मोजून भाजी घ्यायची आणि पिशवी दुकानातच ठेवून यायची, तसला प्रकार. पण नॉरिस त्यात सुखी होता.

एक मासा सोडला तर. तळ्यात एक म्हातारी, गुबगुबीत कार्प होती, तिला सगळे उशी म्हणत. ती सगळ्यांच्या गळाला एकेकदा लागून गेली होती. नॉरिसच्या मात्र नाही.

"काय नॉरिस," तळ्याचा राखणदार ट्रेव्हर रोज विचारायचा, "आज उशी मिळणार, की तसाच झोपणार?"

नॉरिस हसायचा. कान तेवढे लाल व्हायचे.

मग एनिडला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार शब्दांवर आलं. नॉरिसने गळाच्या काठ्या भिंतीला टेकवल्या आणि तो तिला चाकाच्या खुर्चीतून तळ्यावर न्यायला लागला. काठावर पाण्यावर पुढे आलेली एक बुटकी फळी आहे, तिच्यावर तिला बसवायचा. ती कलंडू नये म्हणून त्याने जाड चामड्याचा पट्टा शिवला होता, तो तिच्या कमरेला बांधून मागच्या खांबाला अडकवायचा. एनिड डाव्या हातात पावाची कड धरून हात पाण्यावर सोडून बसायची.

आणि उशी यायला लागली. आधी लांबून बघून जायची. नंतर जवळ. एके दिवशी तिने ते दात नसलेलं तोंड वर केलं आणि एनिडच्या बोटांतली कड चप्पकन ओढून घेतली. एनिड खळखळून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. नॉरिस माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ नाक शिंकरत होता.

ऑगस्टात ऊन तापलं की कार्प वर येतात. मग पुरुष आधी नुसतीच बिस्किटं पाण्यावर फेकतात, कुत्र्यांना घालतात ती. माशांची भीती मोडली, ते बिनधास्त खायला लागले, की त्यातच एक गळ लावलेलं सोडायचं. उशीची भीती एनिडने आधीच मोडून ठेवली होती.

एका गुरुवारी एनिड केस धुवायला माझ्याकडे होती. नॉरिस एकटाच काठी घेऊन गेला. त्या फळीवर पालथा पडला आणि जिथे तिचा हात लोंबतो, अगदी तिथे गळ लावलेली कड सोडली. उशी आली, नेहमीसारखी तोंड वर करून. हे त्यानेच मला पुढे सांगितलं, बुटांकडे बघत.

त्या दिवशी मी विचारलं, "काय लागलं का रे?"

"काही नाही," म्हणाला, आणि पुन्हा एकदा हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी उशी आली नाही. तिसऱ्याही नाही. एनिडच्या हातात कड भिजून लगदा झाली.

"कुठंय?" ती विचारायची.

"ऊन आहे ना, खाली गेली असेल."

"ऊन तर गेल्या आठवड्यातही होतं," मी म्हटलं.

रविवारी ट्रेव्हर लांबूनच ओरडत आला. "एनिड! नवऱ्याने सांगितलं की नाही? उशी काढली पठ्ठ्याने! इथूनच, तुझ्या फळीवरून! चहाच्या टपरीत फोटो लावलाय, बघ जाऊन."

एनिडने मान वळवली. हात अजून पाण्यावरच.

"इथून?"

नॉरिसने मान डोलावली.

"पावाने?"

"हो."

ट्रेव्हरने आमची तोंडं पाहिली आणि "किटली बघतो जरा" म्हणत सटकला. माझ्या जिभेवर नॉरिससाठी बरंच काही तयार होतं. पण एनिडच आधी बोलली.

"केवढी?"

नॉरिसने हात पसरले आणि लगेच खाली घेतले.

"सांग."

"अठ्ठावीस पौंड." हे त्याने पाण्याला सांगितलं. "एनिड, मी..."

तिने हातातला लगदा त्याच्या तळहातावर ठेवला. "धर."

त्याने पिशवीतून नवी कड घेतली, फळीवर पालथा पडला आणि पाण्यावर हात सोडला. अंधार पडेपर्यंत. शेजारून येणारे-जाणारे पाठ थोपटून गेले, "छान हं नॉरिस, ऐकलं आम्ही!" प्रत्येक थापेला त्याची मान फळीत आणखी रुतत होती.

काठ्या आता माझ्या शेडमध्ये आहेत, गवत कापायच्या यंत्रामागे. टपरीतला फोटो भिंतीवरून काढून टाक म्हणून त्याने ट्रेव्हरची विनवणी केली. ट्रेव्हरला वाटलं, लाजतोय. फोटो तसाच आहे. नॉरिस टपरीत भिंतीकडे पाठ करून चहा पितो.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. लांब कमळांपाशी एक जाड पाठ वर आली. वाहत गेलेली एक कड तिने गिळली आणि वळली. नॉरिसने पाण्यावरचा हात आणखी पुढे केला.

"जवळ नाही," एनिड म्हणाली.

"नाही."

"उद्या."

नॉरिस उठला, गुडघे झाडले आणि खाली मान घालून तिचा पट्टा सोडायला लागला.