वाणातल्या शिट्ट्या

मी पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात दोनदाच चढले. पहिल्यांदा माझ्या मुलीसाठी आणि दुसऱ्यांदा खालच्या काकूंसाठी. दोन्ही वेळा घरी येऊन चपलासुद्धा न काढता पलंगावर आडवी झाले, एवढं पक्कं आठवतं. राग नंतर आला. आधी नुसता थकवा.

नवं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं म्हणून आम्ही सगळ्यांनीच पेढे खाल्ले होते. मला नोकरीत बढती मिळाली आणि एका नव्या सरकारी कार्यालयात टेबल मिळालं. साहेब लोकांचे, मंत्र्यांचे दौरे ठरले की त्यांचे कागद टाइप करायचे, हे माझं काम. प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ असायची, ‘समुचित पुलिस बल की व्यवस्था की जाए.’ ही ओळ मी इतक्या वेळा टाइप केली की बोटं ती आपोआप उमटवायची. ते बल येतं कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायचं कारणच नव्हतं.

आम्ही बूढापाऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नवरा रेल्वेत, बिलासपूरला, रविवारी यायचा. घरात मी, सासूबाई आणि बारावीतली मुलगी; सासरे गावाकडच्या शेतीवर. खालच्या पुढच्या खोलीत काकू राहायच्या. यवतमाळकडच्या, साठी उलटलेल्या, एकट्या. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दिवसभर दारातल्या पायरीवर बसून काही ना काही निवडत असायच्या आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. ऑफिसातून दमून यावं आणि जिना चढायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्या चौकशीला उत्तरं द्यावीत, हे मला जिवावर यायचं.

डिसेंबरात मुलीने सांगितलं की एक माणूस मागे येतो. कोचिंग सुटलं की कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभा असतो आणि तिच्या सायकलीच्या मागे-मागे आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. आधी नुसता यायचा. मग बोलायला लागला. मग एक दिवस सायकलच्या बास्केटमध्ये चिठ्ठी टाकली. माझी मुलगी मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, पण त्या दिवशी ती कुठल्याच भाषेत धड बोलेना. चिठ्ठी मी वाचली आणि सासूबाईंपुढे ठेवली.

सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला.

“पोट्टीले वर्ध्याले पाठवून दे. मामाकडे राहीन.”

“आई, बोर्डाच्या परीक्षेले दोन महिने राहिले. तिनं काहून जायचं? तिनं काय केलं?”

“केलं तिनं काही नाही. पण झालं त निस्तरन कोण?”

मुलगी दाराआडून ऐकत होती. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि तिची सगळी तयारी त्या एका कोचिंगवर उभी होती. वर्ध्याला गेली की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की मामा स्थळं बघायला लागणार, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. नवऱ्याने फोनवर सांगितलं, “रथसप्तमीपर्यंत पाहू, नाही जमलं तर पाठवू.” त्याला तिथून आणखी काय सांगता येणार होतं?

म्हणून मी ठाण्यात गेले. दुपारची वेळ होती. आत एक मुंशी, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, आणि एक शिपाई, बाकी खुर्च्या रिकाम्या. मुंशी पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, माझा अर्ज पूर्ण वाचला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

“दीदी, बात आपकी सही है,” तो म्हणाला. “लेकिन भेजूँ किसको? सब वीआईपी ड्यूटी में हैं. कल भी हैं, परसों भी हैं.”

परवाचा दौरा मला माहीत होता. त्याचा कागद मीच टाइप केला होता.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. त्याला वाटलं, मी हटून बसलेय. मग तो जरा पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “बिटिया को सीटी दिला दीजिए. सीटी बजाएगी तो मोहल्ला निकलेगा. हमसे पहले मोहल्ला ही पहुँचता है.” आणि मी उठताना, न विचारताच सांगितलं, “मैंने तो अपनी वाली को अभनपुर भेज दिया, नानी के घर.”

त्याच्या मुलीला कोण त्रास देत होतं, मी विचारलं नाही. पोलिसाने आपली मुलगी गावाकडे पाठवली, एवढं मला पुरेसं झालं. अर्ज मात्र मी देऊनच आले. नोकरीची सवय. कागद दिला की काम झाल्यासारखं वाटतं.

शिट्टीची गोष्ट डोक्यात राहिली. संक्रांत तोंडावर आली होती, आमच्याकडचं हळदीकुंकू दरवर्षी ठरलेलं, आणि वाण काय लुटायचं ते ठरत नव्हतं. आदल्या वर्षी स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या, त्याआधी चाळण्या. गोलबाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात दोरीला लटकलेल्या शिट्ट्या दिसल्या आणि मला एकदम सुचलं. घराघरात एक शिट्टी. जिच्या कानावर पडेल तिने गॅलरीत यायचं आणि आपली वाजवायची. मुंशी म्हणाला तसा मोहल्ला निघेल. मी अडीच डझन घेतल्या आणि स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की रिक्षात एकटीच हसत होते.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “लोकं वाटी देतात, आरसा देतात. आपण शिट्ट्या वाटाच्या?” पण वाण आणून झालं होतं, परत कोण घेणार?

हळदीकुंकवाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. गल्लीतल्या आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांतल्या बायका आल्या. शेजारच्या दोन हिंदी बोलणाऱ्या वहिनीही आल्या, त्यांना आता हे आवडायला लागलं होतं. साडेपाचच्या सुमाराला आमची बाहेरची खोली गच्च भरली. तिळगूळ झाला, अत्तर झालं, उखाणे झाले. मग मी वाण दिलं आणि ते कशासाठी ते सांगितलं. प्रत्येकीच्या घरात काही ना काही होतंच, फक्त बोलत कोणी नव्हतं. मग एकीने शिट्टी तोंडाला लावून फुंकली. दुसरीने फुंकली. मग काय विचारता, पंचवीस बायका, कित्येकींनी शाळा सुटल्यापासून शिट्टी हातात धरली नसेल, सगळ्या एकदम वाजवायला लागल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पण एक वाजवली. मला वाटलं, महिन्याभरात आज पहिल्यांदा आपण हसतोय.

त्याच वेळी खाली गल्लीच्या तोंडाशी त्या स्कूटरवाल्याने कोचिंगहून येणाऱ्या माझ्या मुलीची सायकल अडवली होती. हँडल धरलं, मग मनगट धरलं. ती ओरडली. ‘आई’ म्हणून ओरडली, असं नंतर काकूंनी सांगितलं. वर माझ्या घरात शिट्ट्या वाजत होत्या. मी ऐकलंच नाही. गॅलरीत कोणी नव्हतं, कारण गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्यांतल्या बायका मी माझ्या घरात आणून बसवल्या होत्या.

खाली एकट्या काकू होत्या. हळदीकुंकू सवाष्णींचं, त्यांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. नळ आला म्हणून त्या पाणी भरत होत्या. त्यांनी आवाज ऐकला, भरलेली बादली उचलली, तशाच चालत गेल्या आणि ती बादली पाण्यासकट त्याच्या तोंडावर हाणली. भुवईवर खोक पडली. तो स्कूटर तिथेच टाकून पळाला.

मुलगी जिना चढून वर आली तेव्हा एका बाईच्या तोंडात अजून शिट्टी होती. मुलीचा ड्रेस ओला, मनगट लाल. तिने तबकात उरलेल्या शिट्ट्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, “सबको दी. मुझे क्यों नहीं दी, आई?”

मी काय सांगणार होते? वाण सवाष्णीला देतात, कुमारिकेला नाही, म्हणून? जिच्यासाठी शिट्ट्या आणल्या तिलाच एक द्यावी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि उरलेल्या पाच शिट्ट्या तबकात पडून होत्या. मुंशीने साध्या शब्दांत ‘बिटिया को’ सांगितलं होतं. मी त्याचं हळदीकुंकू केलं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, लिहितानाही वाटते आहे.

पोलीस दीड तासात आले. हो, आले. दोन शिपाई, मोटारसायकलवर. माझ्या अर्जासाठी नाही, त्या माणसाच्या बापाने तक्रार केली होती म्हणून. मुलाच्या डोक्यात बादली घातली, टाके पडले, बाईला ठाण्यात घेऊन या. काकूंनी लुगड्याचा पदर नीट केला, खोलीला कुलूप घातलं आणि निघाल्या. मी मागोमाग गेले. मुलीला मागे ठेवायला जीव धजेना, म्हणून तिलाही नेलं.

तोच मुंशी. बाकावर तो माणूस पट्टी बांधून, शेजारी त्याचा बाप. ट्यूबलाइटच्या उजेडात पहिल्यांदाच मी त्याला नीट पाहिलं. अगदी साधा चेहरा होता, बाजारात कुठेही दिसावा असा. मुंशी काकूंना समजावायला लागला, “अम्मा, ऐसे मारते नहीं. कानून हाथ में नहीं लेना चाहिए.”

“कानून कहाँ था, बेटा?” काकू म्हणाल्या. “मेरे हाथ में तो बाल्टी थी.”

शिपाई हसला. मुंशी हसला नाही. त्याने एका गठ्ठ्याच्या तळातून माझा अर्ज काढला. त्यावर साधा शिक्कासुद्धा नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दीदी, आप ये वापस ले लीजिए, वो अपना ले लेंगे. नहीं तो अम्मा को कोर्ट-कचहरी हो जाएगी, इस उमर में.” मी मुलीकडे पाहिलं. तिच्या मनगटावर अजून बोटं उमटलेली होती. ती काकूंचा हात धरून उभी होती. मग तिनेच मान हलवली.

मी अर्ज परत घेतला. समझौत्याच्या कागदावर सही केली. बाप म्हणाला, “बच्चा है, अब नहीं करेगा.” बच्चा चांगला पंचवीस-सव्वीसचा होता. कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. फेकला नाही. कागद फाडायचे नसतात, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

रथसप्तमीला नवरा घरी होता. सासूबाईंनी वर्ध्याचा विषय काढला. मुलगी म्हणाली, “मैं कहीं नहीं जा रही.” आणि काकू खालून, जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाल्या, “पोट्टी कुठंच जात नाही. मी हाओ न.” वर्ध्याचा विषय तिथेच मिटला.

परीक्षा होईपर्यंत रोज साडेपाचच्या आधी काकू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात काही नसायचं, कधी रिकामी बादली असायची. तो माणूस पुन्हा आला नाही. बादलीला घाबरला, का समझौत्याला, मला माहीत नाही. मी ऑफिसात तीच ओळ टाइप करत राहिले, समुचित पुलिस बल की व्यवस्था की जाए. मुलगी पास झाली, इथल्याच कॉलेजात तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

पुढच्या संक्रांतीला मी ठरवलं की काकूंना बोलवायचं. सासूबाईंशी त्यावरून दोन दिवस अबोला झाला, शेवटी त्याच म्हणाल्या, “बोलाव. कुंकू मी लावते.” वाण म्हणून पुन्हा वाट्या होत्या. बायका जमायला लागल्यावर मी खाली गेले. काकू पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुलीची कॉलेजातून यायची वेळ झाली होती.

“काकू, वर चला. आज तुम्ही यायचंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. त्या गल्लीच्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, “वर येईन वं. पण मी वर आली त खाली कोण बसन?”

वरून सासूबाई हाका मारत होत्या, तबक तयार आहे, बायका खोळंबल्या आहेत. मी पायरीवर काकूंच्या शेजारी बसले, त्यांच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. मुलगी आली तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो.