कातळातल्या माशाची सोबत

आमच्या गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, म्हशी चारणाऱ्या काकांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. कातळात कोरलेला तो भलामोठा जुना मासा आला की ते वहाणा हातात घेतात आणि त्याला वळसा घालून जातात. म्हशींनाही त्यांनी तीच सवय लावली आहे. बोलणं कमी. उत्तर द्यायच्या आधी आभाळाकडे बघून घेतात.

ओसाड सड्यावर माणसं यावीत म्हणून आम्ही गावकऱ्यांनी मुंबईच्या एका चित्रकार बाईंना बोलावलं. त्यांना माशावर निळ्या कापडाचं शीड उभारायचं होतं. खांबासाठी नेमकं माशाच्या डोळ्यापाशी भोक पाडायचं ठरलं. मला ते पटलं नव्हतं, पण पाहुण्यांना कसं सांगायचं म्हणून गप्प बसलो.

ड्रिल सुरू होणार एवढ्यात काका आले, वहाणा काढल्या आणि थेट माशाच्या डोळ्यावर मांडी घालून बसले. फडकं सोडून भाकरी काढली.

"काका, जरा बाजूला होता का?" बाई म्हणाल्या.

त्यांनी आभाळाकडे बघितलं. "जेवतोय वाईच."

एक भाकरी त्यांनी दोन तास खाल्ली. शेवटी शीड माशाच्या बाहेर, चिऱ्यांच्या ढिगाला बांधलं गेलं.

आठ दिवस माणसांची रीघ लागली. मग शीड उतरलं, माणसं गेली. काका मात्र अजून रोज माशापाशीच जेवतात.

"आता कशाला? ड्रिल तर कधीच गेलं," मी म्हटलं.

त्यांनी आभाळाकडे बघितलं.

"ह्याला माणसांची सवय लागली ना आता."