पाळकीणबाईंचं सुख

फोन सकाळीच आला. जुन्या जालन्यातल्या कापड दुकानाचे शेठजी बोलत होते. त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझी मैत्रीण मनोरमा, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, आणि तिचे यजमान भाड्यानं राहत. "मॅडम, जल्दी या. पाळकीणबाई उठून नाही राह्यल्या." मी रिक्षा करून पोचले तेव्हा जिन्यात शेजारच्या बायका उभ्या होत्या, पण आत जायला कोणी धजत नव्हतं. कारण पास्टरसाहेब, म्हणजे मनोरमाचे यजमान, दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि येईल त्याला ओठांवर बोट ठेवून सांगत होते, "हळू बोला. बाईंचा आत्ताच डोळा लागलाय." त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली होती, खिडकी लोटून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, हृदय थांबलं. आपली बायको गेली हे त्या घरात फक्त पास्टरसाहेबांनाच कळत नव्हतं... आणि ते कळत नाही याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मनू आणि मी शाळेपासूनच्या. एकाच बाकावर बसायचो, सुटीत एकमेकींचा डबा संपवायचो. ती ख्रिस्ती घरातली, मी हिंदू. नाताळात त्यांच्याकडे करंज्या आणि दिवाळीत आमच्याकडेही करंज्याच, त्यामुळे फरक काय तो आम्हाला बरीच वर्षं कळलाच नाही. पुढे तिचं लग्न शांतवन साळवे यांच्याशी झालं. ते पाळक होते, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. उंच, गोरटेले, आवाज असा की माइक लागू नये. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मनूचं नाव पुसलं गेलं आणि ती सगळ्या मंडळीची पाळकीणबाई झाली. कोणाच्या घरी मयत, कोणाकडे बाळंतपण, कोणाचं नवरा-बायकोचं भांडण... सगळीकडे साहेबांच्या मागे ही. आल्यागेल्याचा चहा, रविवारच्या उपासनेत पहिला बाक, गाण्यात पहिला आवाज. लोकांना वाटे, बाई किती भाविक! एकदा माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ती सहज बोलून गेली, "सुलू, खरं सांगू? मला आतून काहीच वाटत न्हाई गं. ते प्रार्थना करतात तवा मी डोळे मिटून उद्याच्या भाजीचा विचार करून राह्यलेली असते." आणि हसली. मीही हसले. मी जिल्हा परिषदेत नोकरी करणारी, देवाशी माझं जुजबी. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पास्टरसाहेबांचं विसरणं आधी चष्मा आणि किल्ल्यांपुरतं होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग एका लग्नात ते झालं. चर्च भरलेलं, नवरा-नवरी समोर उभी, आणि साहेबांनी शपथा दिल्या, अंगठ्या घालून झाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शपथा द्यायला सुरुवात केली. लोक हसले. ते तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा कोणी हसलं नाही. नवरीचा बाप उठून पुढे गेला. साहेब त्याच्याकडे पाहून म्हणाले, "माफ करा, नवरीचं नाव काय म्हणालात?" मी मनूच्या शेजारी होते. तिनं मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मंडळीनं वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पण नवा पाळक आला, पाळकाचं घर त्याला द्यावं लागलं, आणि ज्या अंगणात मनूनं शेवग्याचं झाड वाढवलं होतं ते सोडून ती त्या दोन खोल्यांत आली. मुलगी रूथ पुण्यात नोकरीला, संसारात अडकलेली. मनूनं चर्चला जाणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायची, यांना एकटं कसं सोडू? मला मात्र म्हणाली, "यांनी सारा जन्म देवाच्या दारात घातला. आणि त्यानं यांची बोलीच काढून घेतली. दुसरं काही न्यायला सापडलं न्हाई त्याला?" ती हे अगदी थंडपणे बोलली.

आणि मग ते एकदा हरवले. मनू आंघोळीला गेली होती, कडी काढून ते खाली उतरले आणि गर्दीत मिसळले. आम्ही स्टेशन पाहिलं, बसस्टँड पाहिलं, चर्च पाहिलं. दुपारी फोन आला तो राजूरहून, गणपतीच्या गावाहून. मनूनं त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या आत फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवून ठेवली होती, ती एका हारवाल्या बाईनं पाहिली. चतुर्थी होती, गणपतीला निघालेल्या लोकांबरोबर ते जीपमध्ये बसून गेले असावेत. आम्ही पोचलो तर साहेब त्या बाईच्या दुकानाच्या सावलीत, झेंडूच्या ढिगाशेजारी बसलेले, आणि बाई त्यांना पाणी पाजत होती. "आजोबा लई शांत हायत," ती म्हणाली. "पर कोण, कुठले, काहीच सांगून न्हाई राह्यले."

मनू धावत गेली आणि त्यांच्यासमोर मटकन खालीच बसली. ऊन, भीती, सकाळपासून पोटात काही नाही... साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख नव्हती, अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही फार दमलेल्या दिसता. मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हे प्रभू, ही बाई लांबून आली आहे. ती दमली आहे. तिला..." आणि ते थांबले. पुढचे शब्द येईनात. ओठ नुसते हलत होते. "तिला..." पुन्हा म्हणाले. हारवाली बाई हातातली माळ तशीच धरून उभी. मला वाटलं, पुढे होऊन त्यांना उठवावं. तेवढ्यात मनूचा आवाज आला, घोगरा, "तिला धीर दे." साहेब आनंदून म्हणाले, "तिला धीर दे." मनू म्हणाली, "तिला एकटीला टाकू नको." ते म्हणाले, "एकटीला टाकू नको." आणि मग 'आमेन' मात्र त्यांनी स्वतःच म्हटलं, जुन्या खणखणीत आवाजात, असं की रस्त्यावरचे लोक वळून पाहायला लागले.

परत येताना जीपमध्ये ते तिच्या खांद्यावर झोपले. जालना जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं यांनी रोज माझ्यासाठी मागितलं असंल, सुलू. मी एकदा ऐकलं न्हाई. आज ऐकलं... आणि माझ्याच तोंडून निघालं."

त्यानंतर सगळं सोपं झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांचं बिघडतच गेलं. ते अंथरूण ओलं करायचे, कधी चिडून हात उगारायचे. एकदा तिच्या गालावर वळ पाहून मी संतापले होते. "संभाजीनगरला चांगली संस्था आहे, तिथं ठेव यांना. तू मरशील अशानं," मी म्हणाले. ती चादर पिळत होती. "मरंन की. पर मी सुखात हाय गं," म्हणाली. मला राग आला. कसलं सुख? नवरा ओळखत नाही, मुलगी लांब, कंबर धरलेली. तू स्वतःला फसवतेस, असं मी तोंडावर बोलले. तिनं पिळलेली चादर माझ्या हातात दिली, दुसरं टोक धरायला. "आधी वाटायचं, हे सारं माझ्या एकटीच्या अंगावर पडलंय. रडायचे तरी कोणी ऐकून न्हाई राह्यलं असंच वाटायचं. आता रडते तवा कुणीतरी बराबर बसलेलं असतं. आता तू म्हणशील दिसत न्हाई. न्हाई दिसत. मंग?" आम्ही दोघींनी चादर झटकून दोरीवर टाकली. ती रविवारी पुन्हा चर्चला जाऊ लागली, साहेबांचा हात धरून. बसायची मात्र शेवटच्या बाकावर. "पहिल्या बाकावर माझं लक्ष नसायचं," म्हणाली. मला तिचा देव दिसला नाही, अजूनही दिसत नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो जुना, थंड ताठरपणा गेला होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

दफनविधीला ऊन फार होतं. साहेब रूथचा हात धरून सरळ उभे होते. शवपेटी खाली उतरताना त्यांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं, "मनोरमा." त्यांनी मान हलवली. "अरेरे. चांगल्या होत्या का?" "फार," मी म्हणाले. "त्यांच्यामागे कोणी आहे?" रूथनं तोंड फिरवलं. "आहेत," मी कसंबसं म्हटलं. ते समाधानानं म्हणाले, "बरं झालं," आणि मूठभर माती त्यांनी इतरांसारखीच, वाकून, खाली सोडली.

गेल्या आठवड्यात मी त्या खोल्यांवर गेले होते. रूथ रजा वाढवून राहिली आहे. महिनाअखेरीला साहेबांना पुण्याला नेणार. सामान बांधायला काढलंय, भिंती रिकाम्या झाल्यात. दुपार होती. रूथनं त्यांना ताट वाढलं, मलाही बस म्हणाली. साहेबांनी भाकरी हातात घेतली, मधोमध मोडली, आणि अर्धी आपल्या ताटाबाहेर, उजव्या हाताला, जमिनीवर अंथरलेल्या धुतल्या फडक्यावर ठेवली. ते फडकं रूथनं आधीच अंथरलेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. "रोजच करतात," ती म्हणाली. "आई असतानाही करायचे म्हणे. ती मागून जेवायची ना."

"बाईंना उशीर होतोय," साहेब म्हणाले. त्यांनी थोडी वाट पाहिली, जिन्याकडे पाहिलं. मग तो अर्धा तुकडा उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला. "तुम्ही घ्या. त्या रागावायच्या नाहीत."

मी दोन्ही हात पुढे केले. भाकरी अजून गरम होती.